रूपरावजींची तीन मिनिटं

रूपरावजी भोयर नालवाडीच्या चौकात उभे दिसले की ओळखीची माणसं दुसऱ्या गल्लीनं वळत. भीतीपोटी नव्हे. माणूस सज्जन, उसने न मागणारा, कुणाच्याही लग्नात पहिल्या पंगतीत न घुसणारा. पण एकदा त्यांनी "काय म्हणता?" असं विचारलं की समोरच्यानं काही म्हणायची गरज उरत नसे. पुढचा पाऊण तास रूपरावजी म्हणत.

चौतीस वर्षं त्यांनी सरकारी कापूस खरेदीत ग्रेडर म्हणून काढली. गाडीतला कापूस चिमटीत घ्यायचा, दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनीत धरून हळूच ओढायचा, धाग्याची लांबी पाहायची आणि निकाल द्यायचा. चांगला असेल तर 'सुपर'. किडका, डागी असेल तर 'कवडी'. निवृत्तीला पंधरा वर्षं होत आली, खरेदी केंद्रावर गवत वाढलं, पण चिमूट काही निवृत्त झाली नाही. अर्थसंकल्प टीव्हीवर सुरू झाला की रूपरावजींचा अंगठा तर्जनीवर फिरू लागे. मंत्र्यांचं भाषण संपायच्या आत ते जाहीर करत, "कवडी." शेजारच्यांचा नवा जावई चहाला आला, तर तो कप खाली ठेवायच्या आत त्याचाही धागा ओढून झालेला असे.

फक्त एका गोष्टीला त्यांनी जन्मात 'सुपर'च्या खाली भाव दिला नाही. जाझ.

हे खूळ सरकारी खर्चानं लागलं. अठ्ठ्याहत्तर साली खात्यानं तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला मुंबईला धाडलं. लॉजच्या खिडकीसमोर एक हॉटेल, हॉटेलात पाच जणांचा बँड. आंजी मोठी या खेड्यातला पोरगा, भजन आणि डफडं यापलीकडे काही न ऐकलेला. पहिल्या संध्याकाळी त्याला वाटलं की वाजवणाऱ्यांचं आपसात भांडण लागलंय. आठव्या दिवशी तो भांडणाची वाट पाहू लागला. बँडमधला ट्रम्पेटवाला गाशा गुंडाळून गोव्याला निघाला तेव्हा त्याच्याकडून रूपरावजींनी अकरा तबकड्या विकत घेतल्या. ते पैसे बायको विमलाबाईंच्या शालूचे होते. शालू आला नाही, हे विमलाबाई अजून विसरलेल्या नाहीत, आणि दर पाहुण्याला त्या ही हकीगत नव्यानं ऐकवतात. त्यांचाही कार्यक्रम हाऊसफुल्ल जातो.

जाझवरून रूपरावजी थेट अर्थशास्त्रावर येत. "हे गाणं निंघालं कोठून? कापूस वेचणाऱ्याच्या गळ्यातून. अमेरिकेचा कापूस अन् वर्धेचा कापूस सख्खे भाऊ. तिथं आपसात लढाई होऊन कापूस अडला तं आपला न्याले इंग्रजाची रेल्वे आली. आता तिथचा कापूस बिनाशुल्काचा आला तं आपला भाव पडला. ज्याच्या पायी आपला भाव पडते, त्याचं गाणं तरी आपण ऐकाव का नाई?" या प्रश्नाला उत्तर देणारा वर्धा जिल्ह्यात अजून जन्मलेला नाही. रुपया का घसरतो, याचंही कारण त्यांच्याकडे तयार असे: रिझर्व्ह बँकेत तालाचं भान असलेला एकही माणूस नाही.

हे सगळं चौकातच चाललं असतं तर लोकांनी पोटात घातलं असतं. पण रूपरावजींना खरा रंगमंच सापडला तो मोक्षधामात. आपल्याकडे चितेला अग्नी दिला की मंडळी लगेच उठत नाहीत. सावलीला बसतात, शोकसभा होते, चार जण गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलतात, दोन मिनिटं मौन, मग जो तो आपल्या घरी. जायची घाई असते, पण उठायची सोय नसते. असा प्रेक्षक कुठल्या नटाला मिळेल? एका मुख्याध्यापकांच्या शोकसभेत रूपरावजी बावीस मिनिटं बोलले. त्यात मुख्याध्यापक दोनदा आले, ड्रम नऊ वेळा. एका किराणावाल्याच्या शोकसभेत त्यांनी सांगितलं की मरणावर अजून कर लागला नाही, पण चितेवरच्या तुपावर लागलाय; आणि मग कररचना समजावून सांगितली. ती संपली तेव्हा जाळ विझत आला होता.

या सगळ्या काळात त्यांचा एक आणि एकच खरा श्रोता होता. तानबाजी उईके. कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्यातले फिटर. जिनच्या पट्ट्यांच्या धडधडाटात अर्धं आयुष्य गेलं, तेव्हापासूनची दोघांची ओळख. दर रविवारी दुपारी चार वाजता तानबाजी येत, वेताच्या खुर्चीत बसत. रूपरावजी तबकडी लावत, शेजारी उभे राहून वाजतंय काय ते समजावत, भुवया उडवत, हवेत ट्रम्पेट वाजवत. तानबाजी टक लावून पाहत बसत आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर ठेका धरे. तो ठेका बरोबर तालावर पडत नसे, केसभर मागे पडे. रूपरावजी विमलाबाईंना आत जाऊन सांगत, "हे शिकवून येत नाई. हे रक्तात लागते. तानबा सुपर हाये."

"चहा घेऊन जा त्या सुपरले," विमलाबाई म्हणत.

तानबाजी बुधवारी सकाळी अंघोळीला उठले आणि गेले. ब्याऐंशी वर्षांचं वय, तक्रार काही नव्हती. रूपरावजी धावत त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगणात किसनराव खुर्चीवर बसून कागदावर नावं लिहीत होते. किसनराव निवृत्त शिक्षक, गावच्या सगळ्या शोकसभांचं संचालन त्यांच्याकडे. रूपरावजींनी कागद वाकून पाहिला. पाच नावं होती. त्यांचं नव्हतं.

"किसनराव, माझं नाव राह्यलं."

किसनराव पेनाचं टोपण शोधू लागले. तानबाजींचा मुलगा आदेश पुढे आला. रडून डोळे लाल झालेले, पण आवाज पक्का. "काकाजी, राह्यलं नाई. आमीच नाई टाकलं. लोकं लांबून आले हायेत."

रूपरावजींनी पुष्कळ अपमान पचवले होते. कापसाच्या गाड्यांवरून शिव्या खाल्ल्या होत्या. पण हा घास गिळवेना. तानबासाठी बोलायचं नाही, तर मग आजवर बोललो ते कशासाठी? ते काहीच न म्हणता उभे राहिले. त्यांना गप्प पाहून आदेशच घाबरला.

"बरं, तीन मिनिटं," तो म्हणाला. "पण काकाजी, जाझ नाई, रुपया नाई, अमेरिका नाई."

"मंग उरते काय?"

मागे बायकांत बसलेल्या विमलाबाईंनी मान वर न करता उत्तर दिलं. "तानबाजी उरते."

रूपरावजी घरी गेले आणि लिहायला बसले. चार पानं झाली. करार त्यांनी अक्षरशः पाळला. जाझऐवजी 'सातासमुद्रापलीकडची एक विद्या' असं लिहिलं, अमेरिकेऐवजी 'तो देश', आणि रुपयाऐवजी 'आपलं चलन'. पण भाषणाचा कळस होता तो पाय. केसभर मागे पडणारा. गावानं ज्याला साधा फिटर समजलं, त्याच्या पायात केवढा कलावंत दडला होता, हे आज जगाला कळणार होतं. शेवटचं वाक्य त्यांनी आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा त्यांचं त्यांनाच भरून आलं.

दीड वाजता तिरडी उचलायची तयारी झाली. तानबाजींचा चष्मा, तंबाखूची डबी, टोपी उशाशी ठेवली. आदेश म्हणाला, "मोहिनी, बाबाची कानाची मशीन कोठी हाये? तेही ठेव."

"अलमारीत हाये, डबीत," त्याची बायको म्हणाली. "रविवारी काढून ठेवली ते मंग लावलीच नाई त्याईनं."

"रविवारी काऊन काढली?" रूपरावजींनी विचारलं.

मोहिनीनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं जमिनीकडे.

"दर रविवारीच काढत, काकाजी. तुमच्याकडं याच्या आंधी. बारा वर्सं झाले, मशीन घेतली तवापासून." आता अर्ध्यावर सोडून भागणार नव्हतं. "मशीनबिगर त्याईले ढोल वाजला तं आयकू नाई ये."

"पण पाय..."

"तो पाय तं जेवतानाही हाले. जिनमधली सवय होती."

रूपरावजींनी खिशातल्या चार पानांवर हात ठेवला.

"मी इचारलं होतं एकदा," मोहिनी हळू बोलली. "म्हटलं, आयकाचं नाई तं जाता कायले? तं म्हणे, रूपराव लय जीव लावून सांगते. मशीन लावली तं डोक्सं दुखते. काढली तं नुसतं त्याचं तोंड पाह्यत बसतो, बरं वाटते."

मोक्षधामात चिता पेटली. मंडळी कडुनिंबाखाली बसली. पाच जण बोलले. पाचही जणांनी तानबाजींना मनमिळाऊ म्हटलं. मग किसनरावांनी घड्याळ काढून हातात धरलं आणि रूपरावजींचं नाव घेतलं. शे-दीडशे माणसांनी मांडी बदलली.

रूपरावजी उभे राहिले. कागद उघडले. पहिल्या पानावर विद्या होती, दुसऱ्यावर तो देश, तिसऱ्यावर चलन. चौथ्यावर पाय. आता त्यातलं वाचण्यासारखं एकही पान उरलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं, भुवया वर गेल्या, ओठ हलले, आवाज मात्र फुटला नाही. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर फिरत राहिला, जणू हाताला काही लागतंय आणि त्याची लांबी मोजायची आहे. बारा वर्षं तानबाजींनी जे पाहिलं, तेच नेमकं सगळे पाहत होते.

एक मिनिट गेलं. सवय नसल्यानं लोक गोंधळले. मागचा एक जण उठून उभा राहिला, त्याला पाहून दुसरा. किसनरावांना वाटलं, मौन सुरू झालंय. तेही उठले, मान खाली घातली. सगळेच उठले. दोन मिनिटं पूर्ण होताच किसनराव "ॐ शांती" म्हणाले आणि मंडळी नळाकडे पाय धुवायला गेली. रूपरावजींच्या हातात कागद तसेच राहिले.

आदेश येऊन त्यांच्या पाया पडला. "बरं बोलले, काकाजी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता.

परतीच्या ऑटोत किसनराव शेजारी होते. शोकसभा वेळेत आटोपल्याच्या आनंदात त्यांच्या हातून चूक झाली. ते म्हणाले, "रूपरावजी, कागदावर लय काही लिहिलं होतं वाटते?"

नालवाडी येईपर्यंत रूपरावजींनी तीन पानं वाचून दाखवली, अर्थासह. चौथं पान मात्र त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. मग त्यांचं लक्ष किसनरावांच्या पायांकडे गेलं. चपलेतले दोन्ही पाय शांत होते. किसनरावांचे डोळे मिटलेले.

"किसनराव, आयकून राह्यले नं?"

"आयकून राह्यलो नं बावा."

"रविवारी चारले काय करता तुमी?"

किसनरावांनी डोळे उघडले. "काही नाई. काऊन?"

"कान कसे हायेत तुमचे?"

"एकदम चांगले."

रूपरावजींनी अंगठा तर्जनीवर एकदा फिरवला आणि रस्त्याकडे पाहत म्हणाले, "मंग तुमचं काम नाई."