मुष्टियुद्धाआधीचे सुतक

माझे आणि तालमीतल्या माझ्या जोडीदाराचे मुष्टियुद्ध झाले असते तर मीच जिंकलो असतो, असे नारायण पेठेत अजून बोलतात. मी आजवर ते मुकाट ऐकून घेतले. खरे असे की मी घाबरलो होतो. जिंकेल त्याला सरकारवाड्यावर पहाऱ्याची नोकरी मिळणार होती आणि हरेल त्याला फौजेबरोबर मोहिमेवर जायचे होते. आदल्या दिवशी मी तालमीत निरोप धाडला की गावी चुलते वारले, दहा दिवस सुतक आहे. सुतकात मारुतीसमोरच्या तांबड्या मातीच्या हौद्यात उतरता येत नसे. चुलते ठणठणीत होते.

संध्याकाळी जोडीदार माझ्या दाराशी आला आणि शिवाशिव नको म्हणून लांबच उभा राहिला. म्हणाला, "गड्या, आधी नीट रडून घे. अकराव्या दिवशी तुझे दात पाडतो."

सहाव्या दिवशीच फौज निघाली. सुतकातल्या माणसाला मोहिमेवर कसे धाडायचे, म्हणून तो गेला आणि पहारा मला मिळाला. तो परत आला नाही.

ती लढत मी आता रोज मनात लढतो. त्याचा डावा हात फार चपळ होता. ठोसा माझ्या कानशिलावर बसतो, मी मातीत पडतो, आणि तो पुण्यात म्हातारा होतो.