डिलीटचं बटन

विश्रामबागेत कॉम्प्युटर क्लास चालवणारे ते सुभेदारसाहेब. सैन्यातून निवृत्त झाले, पण शिस्त सोबत घेऊन आले. क्लासात चपला घालून शिरायची कोणाची छाती नव्हती. दसऱ्याला प्रत्येक मॉनिटरला झेंडूचा हार पडे. "मशीन म्हंजी रायफल हाय," असं ते बजावत.

मशीन बिघडलं की बोलावणं मला. एकदा ऐन परीक्षेच्या आदल्या दिवशी एका कॉम्प्युटरला आपल्या पोटातल्या हार्ड डिस्कचाच विसर पडला. ही आठवण जपणारी मदरबोर्डवरची बॅटरी संपली होती. साहेबांनी नवी आणून घातली, पण हार्ड डिस्कची माहिती पुन्हा जिथं भरायची, तो सेटअपचा पडदा काही उघडेना. उदबत्ती लावूनही उघडेना.

"बोर्डच गेलाय," साहेबांनी निकाल दिला.

"चालू होताना डिलीट दाबलंत का?" म्हणत मी कीबोर्ड ओढला. डिलीटच्या जागी खड्डा होता.

"समद्या कीबोर्डांची ती बटनं काढून ठेवलीत म्या. पोरं पुसत सुटली तर मागं ऱ्हायाचं काय?"

"साहेब, सेटअप त्याच बटनानं उघडतो."

फितुराकडं बघावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग कुलूपबंद ट्रंकेतून पुरचुंडी काढून एक बटन बसवलं आणि स्वतःच दाबलं. निळा पडदा उघडला. मी माहिती भरली, हार्ड डिस्क सापडली.

मी दाराशी चपला घालेपर्यंत बटन साहेबांच्या खिशात गेलं होतं.

"आता असू द्या की तिथंच!"

"दार उघडल्यावर चावी दारालाच ठेवता व्हय तुमी?"