दवंडीकाका आणि मेव्हण्याची गुणपत्रिका

विद्यापीठाच्या परीक्षा विभागातल्या हेडक्लार्कना सगळे दवंडीकाका म्हणत. कोण किती विषयांत उडालं, कुणाच्या अर्जावर वडिलांची सही खोटी आहे, हे त्यांना कळलं की चहा निवायच्या आत कँटीनभर व्हायचं. लग्न जमवणारे तर थेट त्यांनाच फोन करून मुलाचे मार्क विचारायचे. काका वर हजेरीही सांगायचे.

मग खासगी माहिती जपण्याचा कायदा आला. विद्यापीठाकडे कुणाची कोणती माहिती आहे, ती कशाला ठेवली आणि कोण बघतं, याची यादी करायची होती. कुलसचिवांनी काकांना बोलावलं.

"साहेब, मी?"

"कुठला कागद कुठल्या कपाटात, हे दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे? फक्त तोंडाला कुलूप लावा."

काकांनी ते मनावर घेतलं. जन्मतारखांसकट लावलेल्या याद्या नोटीस बोर्डावरून उतरवल्या. झेरॉक्सवाल्याकडे पाठकोरे म्हणून गेलेले जुने अर्ज परत आणले. मुलींच्या वडिलांना "मुलाची लेखी संमती आणा" असं सांगू लागले.

तिसऱ्या आठवड्यात एका गंजलेल्या कपाटात मेव्हण्याची गुणपत्रिका निघाली. बायकोचा हा धाकटा भाऊ जन्मभर पहिल्या वर्गाचा तोरा मिरवत आला होता. कागदावर तिसरा वर्ग होता, तोही ग्रेस मार्कांनी गाठलेला. काकांनी तो दोनदा वाचला, यादीत 'कायम जतन' लिहिलं आणि कपाट लावलं.

रविवारी मेव्हणा जेवायला आला आणि काकांच्या मुलीला सुनावू लागला, "पहिला वर्ग हुकला असता तर मी घरी तोंड दाखवलं नसतं." काकांना जोराचा ठसका लागला. पुढचे दोन दिवस त्यांना जेवण जाईना. बायकोने डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

गुरुवारी मेव्हणाच ऑफिसात आला. "भाऊजी, जुनी माहिती पुसून मिळते म्हणे?"

"निकाल पुसत नाहीत. पण तुझ्या संमतीशिवाय कुणाला दाखवतही नाहीत."

"तुम्ही पाहिलात?"

"यादी मीच करतोय."

मेव्हण्याने खुर्ची टेबलाजवळ ओढली. "ताईला सांगितलंत?"

"नाही."

"कुणालाच नाही? विश्वास बसत नाही."

"मलाही बसत नाही," काका म्हणाले.

संध्याकाळी मामाचा भाचीला फोन आला. मार्कांचं फार मनावर घेऊ नकोस, म्हणाला.

"याला काय झालं अचानक?" बायकोने विचारलं.

काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं आणि अजून थोडा भात वाढायला सांगितला.