पिरान्हांच्या ओळखीचा शर्ट

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्या यांच्यापाठी पिरान्हा लागले.

लग्न झालं तेव्हा नवरा मत्स्यालयात नोकरीला आहे एवढंच मला ठाऊक होतं. मला वाटलं, रंगीत मासे, बुडबुडे, सगळं कसं शोभेचं काम. पहिल्यांदा बघायला गेले तर काचेवर पाटी : 'अमेझॉनचे नरभक्षक मासे'. पाटीवर दातांचं हे एवढं मोठं चित्र. आणि चित्राशेजारी फडक्याने काच पुसत उभे आमचे हे, जे घरात पाल निघाली की पलंगावर चढतात!

पाल तरी परवडली. कुत्रं भुंकलं की हे रस्ता बदलणार. फोन वाजला की मला हाक मारणार. न्हाव्याने डोकं भादरून ठेवलं तरी "छान झालंय" म्हणून घरी येणार आणि मग केस वाढेपर्यंत टोपी. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी निघायचाच नाही. पिरान्हा गळ्यात पडले तेही त्यामुळेच. मूळचं यांचं काम पंपाचं. मोटारी, पाइप, फिल्टर बघायचे. ती टाकी आली तेव्हा एकेकाने काढता पाय घेतला. कुणाची बायको नको म्हणाली, कुणाचा हात अचानक दुखायला लागला. शेवटी तेव्हाच्या साहेबांनी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "बरं."

सुरुवातीला घरी आले की दारातच मी त्यांची बोटं मोजायची. चेष्टेने हं, पण मोजायची. मग एकदा हे हसत हसत आले. चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "अगं, ते मलाच घाबरतात!"

खरंच होतं ते. काच घासायला यांनी ब्रश आत घातला की सगळा कळप पलीकडच्या कोपऱ्यात, एकमेकांच्या अंगावर. दुसऱ्या टाकीत हलवताना तर काही जण भीतीने पांढरे पडून कुशीवरच आडवे होतात, बघणाऱ्याला वाटावं मेले. पाण्याबाहेर काढलं की कुरकुरतात. दात आहेतच, आणि उपाशी ठेवलं किंवा कोंडीत पकडलं तर बोटही तोडतील. पण पोटभर खाल्लेला पिरान्हा म्हणजे पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारं पोर. शेजारच्या टाकीत विजेचा झटका देणारा वाम मासा होता, त्याला रबरी हातमोजे घालून खाऊ घालायचे. त्याच्याबद्दल हे आदराने बोलत. पिरान्हांबद्दल मात्र मायेने. मला तर कधी कधी त्यांचा रागच यायचा, माशांचा.

आणि त्या शर्टाचा. तेव्हाचा गणवेश निळा होता. पुढे तो बदलून हिरवा झाला, पण तोवर मासे निळ्याला सरावले होते. टाकीवर निळा वाकला की जागच्या जागी शांत, दुसरा रंग वाकला की पळापळ. म्हणून यांनी दोन निळे शर्ट जपून ठेवले. एक अंगात, एक दोरीवर. विटून विटून आभाळाचाही रंग उरला नाही त्यांना. मी कॉलर उलटून शिवली, कोपरांना ठिगळं लावली, आणि दर वेळी म्हटलं, "आता याचं फरशीपुसणं करते."

एकदाच तो शर्ट चुकवला. माझ्या भावाने यांना लालभडक शर्ट आणला आणि बजावलं, "दाजी, उद्या कामावर हाच घालून जायचा!" मेहुण्याला नाही कोण म्हणणार? गेले घालून. टाकीवर वाकले मात्र, कळप असा उधळला की एक मासा काचेवर थाडकन आपटला. त्याचं तोंड वाकडं झालं ते कायमचं. हे त्याला वाकड्या म्हणत. त्याला दुसऱ्यांच्या बरोबरीने घास तोडता येईना. मग रोज सकाळी, दारं उघडायच्या आधी, एका टोकाला बाकीच्यांना गुंतवायचं आणि दुसऱ्या टोकाला वाकड्याला लांब चिमट्याने बारीक तुकडे भरवायचे, असं सुरू झालं. लाल शर्ट कपाटात तळाशी गेला.

तर असं चाललं होतं, आणि नवे साहेब आले. माणूस उत्साही. म्हणाले, लोक काचेसमोर येतात, मासे नुसते उभे असतात, लोक जांभया देतात. रविवारी जाहीर खाऊ घालायचं. दोरीला मांसाचा तुकडा बांधून सोडायचा, पाणी उकळल्यासारखं दिसलं पाहिजे. त्यासाठी आठवडाभर त्यांना काही द्यायचं नाही.

हे घरी आले आणि ताटावर नुसते बसून राहिले.

"काय झालं?"

"उपाशी ठेवले की ते आधी एकमेकांना खातात," हे म्हणाले. "सगळ्यांत दुबळा असेल त्याला."

वाकड्याचं नाव घ्यायची गरजच नव्हती.

"मग सांगा ना साहेबांना, जमणार नाही म्हणून."

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये गं."

"मासे तुमच्याच बाजूचे आहेत! वैर करायचंय ते साहेबाशी."

शेवटी मी त्यांची तालीमच घेतली. खुर्चीवर पायावर पाय टाकून बसले, चष्मा नाकावर ओढला आणि दरडावून म्हटलं, "काय हो, मासे उपाशी ठेवले ना?" हे समोर उभे. घसा खाकरला. कानाच्या पाळ्या लाल. आणि म्हणाले, "हो साहेब." मी डोक्याला हात लावला. पुन्हा विचारलं, पुन्हा "हो साहेब". अहो, बायको साहेब झाली तरी या माणसाला नाही म्हणता येईना! हसता हसता मला रडूच आलं.

तो आठवडा वाईट गेला. रोज हे येऊन सांगायचे, आज एकाचं शेपूट कुरतडलंय, आज दोघांची. वाकड्या पंपाच्या पाइपामागे लपून होता. शनिवारी सांगितलं की त्याच्याही शेपटीचा तुकडा गेला. रविवारी मी उठले तर हे केव्हाच निघून गेले होते. चहासुद्धा न घेता.

मीही गेले. टाकीसमोर ही गर्दी, खांद्यावर पोरं घेतलेले बाप, आणि ध्वनिक्षेपक हातात घेऊन साहेब. "आता बघा निसर्गाचं रौद्र रूप!" म्हणत त्यांनी तुकडा सोडला. तो दोरीला लोंबकळत राहिला. कळप गर्दीला बिचकून कोपऱ्यात, पोटं टम्म फुगलेली. एकाने हुंगल्यासारखं केलं आणि मागे फिरला. "बाबा, हे झोपलेत का?" एक पोरगी म्हणाली आणि सगळी गर्दी हसली.

साहेबांचा चेहरा पडला. ते गर्रकन वळले ते पहारेकऱ्याकडे. "किल्ली तुझ्याकडे असते ना? कुणी खाऊ घातलं यांना?" पहारेकरी बिचारा तोंड उघडून उभा. हे त्याच्या मागेच होते, निळ्या शर्टात. गप्प बसले असते तर निभावलं असतं. मी मनात म्हटलं, गेलं, आता हे मूग गिळून बसणार.

"त्याला बोलू नका," हे म्हणाले. "मी घातलं. सकाळी."

"काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"उपाशी ठेवा म्हणून."

"मग?"

"नाही ठेवणार."

साहेबांच्या हातातला ध्वनिक्षेपक चालूच होता. तो 'नाही' साऱ्या इमारतीत घुमला. हे जागचे हलले नाहीत. "पुढच्या रविवारीही नाही," असंही म्हणाले. खरं सांगते, लग्नातसुद्धा हा माणूस मला इतका आवडला नव्हता.

तो खेळ पुन्हा झाला नाही. हसं झालं की साहेब लोक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. पण सोमवारी यांना गेटवर तिकिटं फाडायला बसवलं आणि टाकी दुसऱ्याकडे दिली. माणूस चांगला, पण अंगाने दाराएवढा आडवा. तो हिरव्या गणवेशात गेला नि कळप सैरावैरा. वाकड्या पाइपामागून बाहेरच येईना, घास घेईना. तेव्हा यांनी अंगातला शर्ट त्याला दिला. पोटावर बटणं लागेनात.

संध्याकाळी हे तो शर्ट परत घेऊन आले. "कडेने जरा सैल कर ना."

मी शिवण उसवून पाहिली. आत कापडच नव्हतं. दोन्ही बाजूंना चांगल्या हातभर पट्ट्या लागणार होत्या, आणि असा विटका निळा कुठल्या दुकानात मिळणार? दोरीवर दुसरा शर्ट वाळत होता. मी त्याच्याकडे पाहिलं, यांनीही पाहिलं.

"तो कापला तर तुम्ही काय घालणार?" मी विचारलं. आणि चेष्टेने म्हटलं, "लाल काढू का? गेटवर कोण घाबरतंय तुम्हाला!"

हे हसले. मग म्हणाले, "तो घातला की मला माशांपुढे जाता यायचं नाही."

मी कात्री खाली ठेवली. हे उठले, दोरीवरचा शर्ट काढला, हाताने सरळ केला आणि माझ्या मांडीवर ठेवला.

"काप," म्हणाले. "वाकड्या उपाशी आहे."