आत्याचं काचेशी वाकडं

काचेचा शोध लावणाऱ्या माणसावर माझ्या आत्याइतका राग साऱ्या रायगड जिल्ह्यात दुसऱ्या कोणाचा नसेल. कोणाच्या दिवाणखान्यात शोकेसमधल्या कपबशा दिसल्या की ती यजमानीणबाईंना काळजीने विचारी, "ह्यांना काय झालंय? सांसर्गिक आहे का?" अशा बाईच्या हाती पनवेलच्या एका छोट्या संग्रहालयाची किल्ली होती. वाचनालयाच्या माडीवरच्या दोन खोल्यांत समया, जाती, वल्ही, भाताची मापं आणि मिठागरातली अवजारं ठेवलेली. सगळी उघडी. दारातच ती प्रत्येकाच्या तळहातावर मिठाचा खडा ठेवी. "आधी जीभ, मग डोळे," म्हणे, आणि खडा विरघळेपर्यंत आत सोडत नसे. मग वस्तू हातात देई. एका बँक मॅनेजरांना तिने जात्यावर दळायला बसवलं. पँट घट्ट असल्यामुळे त्यांना उठवायला माणसं बोलवावी लागली. पण पुढच्या रविवारी ते सासूबाईंना घेऊन परत आले. माहिती मात्र ती रोज वेगळी सांगे. एकाच वल्ह्याने कधी मासेमारी होई, कधी लग्नाचं वऱ्हाड खाडीपार जाई. मी ते हळूच लक्षात आणून दिलं तर म्हणाली, "वल्हं आहे ते. कोणी एकदाच वापरून टाकून दिलं असेल का?"

मला ती रविवारी सोबत नेई. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. कपाटाला पाठ लावून उभी राहायची आणि लोक बघायची. "ही माझी भाची," आत्या ओळख करून देई. "बोलते, पण आज नाही."

मग समितीवर नवे सेक्रेटरी आले. खांदा कॉलनीत राहायचे, नुकतेच मुलाकडे परदेशी जाऊन आलेले. तिथल्या संग्रहालयांत कोणी माणूस बोलत नाही, यंत्र बोलतं, हे पाहून ते भारावले होते. त्यांनी सगळ्या वस्तूंना कुलूपबंद काचा बसवल्या, प्रत्येक काचेत दिवा लावला आणि एक कॅसेट प्लेअर आणला. बटण दाबलं की कॅसेट सुरू होई. ज्या वस्तूची माहिती चालू, तिथला दिवा पेटे, माहिती संपली की विझे आणि पुढचा पेटे. दिव्यामागून लोकांनी चालायचं.

"ताई, तुम्हालाही आता विश्रांती," ते आत्याला म्हणाले. "उद्घाटन झालं की संध्याकाळी दाराची, काचांची किल्ली तेवढी माझ्याकडे द्या."

"विश्रांती मागितली कोणी?"

"परदेशात असंच असतं हो."

"त्यांच्याकडे माणसं कमी असतील. आपल्याकडे भरपूर आहेत, बोलू द्या की!"

कॅसेटसाठी आवाज हवा होता. आत्याने साफ नकार दिला; रोज तेच बोलायला मी काय पोपट आहे, म्हणाली. मग माझ्यावर आलं. मायक्रोफोनसमोर माणूस नसतो, म्हणून मला ते जमलं. मराठी, इंग्रजी, दोन्ही. आत्याने ऐकून घेतलं. "छान आहे," म्हणाली. "तुझं मराठी आंघोळ करून, पावडर लावून आलंय."

उद्घाटनाला ज्यांनी वस्तू दिल्या होत्या त्या मंडळींना बोलावलं होतं. त्यांत उरणकडची एक म्हातारी होती. मीठ ओढायची लांब दांड्याची फळी तिच्या नवऱ्याची. नवरा गेला, मिठागरही गेलं. फळी राहिली ती तिने आत्याच्या हाती दिली होती. अधूनमधून येऊन ती दांड्यावरून हात फिरवी आणि पळस्प्याची गाडी पकडून लेकीकडे जाई.

बटण दाबलं. माझा आवाज खोलीभर पसरला. समईवर दिवा, जात्यावर दिवा, माणसं पुढे पुढे. फळीवर दिवा आला आणि माझी दोन वाक्यं संपताच विझला. म्हातारी हलली नाही. अंधारात काचेला हात लावून उभी.

"बाई, दिवा पुढे गेला," सेक्रेटरी म्हणाले.

"जाऊ दे ना त्याला. आमच्या मालकांची हाय ही. हात नाय लावायचा?"

"काच आहे. आतून बघा."

"बघितलंय मी. जनमभर बघितलंय."

आत्याने कमरेची किल्ली काढली. सेक्रेटरी घाईने म्हणाले, "ताई, नको! कॅसेट चालू आहे, पाहुणे आहेत." आणि खरंच, तिकडे मी भाताच्या मापांवर गोड आवाजात बोलतच होते. त्या आवाजाचा मला इतका संताप आला की मी कपाट सोडलं, प्लेअरपाशी गेले आणि मला बंद केलं.

"थांबा," मी म्हणाले. सगळे वळले. "त्यांचं अजून झालं नाहीये."

कुलूप उघडल्याचा आवाज तेवढा आला. म्हातारीने दांडा दोन्ही हातांत धरला, झिजलेल्या जागी बोटं बरोबर बसवली. पाहुण्यांपैकी कोणीतरी चप्पल न वाजवता मागे सरकलं.

आत्या माझ्या कानाशी म्हणाली, "आज पावडर लावायची राहिली वाटतं."

किल्ली गेलीच. संध्याकाळी तिने ती सेक्रेटरींच्या हातावर ठेवली, त्यावर मिठाचा एक खडाही. पण पुढच्या रविवारी ती हजर. पाहुणी म्हणून. फळीवरचा दिवा विझला तरी तिथेच उभी राहिली आणि काचेवर बोट आपटत मोठ्यांदा काहीतरी नवंच सांगू लागली. दिवा पुढे गेला, माझा आवाज पुढे गेला, माणसं तिच्याजवळ राहिली. असं ती गुडघ्यांनी जिना नाकारेपर्यंत करत राहिली. सेक्रेटरींनी शेवटी तिथे एक खुर्ची ठेवली. काच मात्र काढली नाही.

आता आत्या नाही. खुर्ची आहे. मी कधीमधी जाते, माझाच आवाज ऐकत समई, जातं असं करत फळीपाशी येते. दिवा विझतो. मागचे लोक खोळंबतात, कोणी म्हणतं, "मॅडम, पुढे." पर्समधून पुडी काढून मी एक खडा जिभेवर ठेवते. तो विरघळेपर्यंत मी काही तिथून हलत नाही.