चढावरचा तळणीचा वास

ती घटना आठवली की आजही आधी वास येतो, मग बाकीचं सुचतं. कढईत भजी सोडल्यावर सुटतो तो वास. पण तो यायचा भर दुपारी, उजाड चढावर, जिथं आसपास एकही चूल पेटलेली नसायची.

दुष्काळाची वर्षं होती. शहर शेंद्र्याच्या एमआयडीसीच्या अंगाला वाढत सुटलं होतं. नव्या कॉलन्या काय नि कोरडी गावं काय, सगळी टँकरवरच जगत होती. त्यामुळे वर्षानुवर्षं गंजत पडलेले ट्रकसुद्धा पाण्याच्या टाक्या चढवून रस्त्यावर आणले गेले. माझ्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत एका गावाआधी लांबलचक चढ होता. तिथं हे टँकर बंद पडू लागले. रोज, दुपारचे, एकाच वळणावर, आणि प्रत्येक वेळी तो वास. ड्रायव्हर उतरून लिंबू कापायचा, नारळ फोडायचा. वीसेक मिनिटांनी गाडी मुकाट सुरू व्हायची. मग काय, नारळाचा गुण आला हे ठरूनच गेलं.

वळणावर एक विधवा बाई एकटी राहायची. पूर्वी ती भज्यांचा गाडा लावायची, पाणी आटलं तसा तो बंद झाला. धंदा बुडाला म्हणून ही करणी करते, असं गाव बोलू लागलं. तशात एक बंद पडलेला टँकर उतारावरून मागे गेला आणि ड्रायव्हरचा पाय गेला. दुसऱ्या सकाळी गावातले पन्नासेक जण ठाण्यात उभे.

“साहेब, बाईला उद्यापस्तोर हलवा. नाय तर आमी हलवतो.”

जादूटोणाविरोधी कायद्याखाली आत टाकीन, असा दम मी भरला. कोणी वाद घातला नाही, पण कोणी हललंही नाही. ओरडणाऱ्या जमावापेक्षा गप्प जमावाची मला जास्त भीती वाटते. बाईच्या दारात दोन शिपाई बसवले आणि मी स्वतः एका टँकरमध्ये चढलो.

वळणावर इंजिनाने दोन आचके दिले आणि ते बंद पडलं. मागच्या टाकीत पाणी तेवढं डचमळत होतं. आणि वास आला. मी थेट बाईच्या घरात शिरून चुलीत हात घातला. राख गार होती.

“महिना झाला, तेलाचा थेंब नाय घरात,” ती उंबऱ्यावरून म्हणाली.

क्षणभर मलाही करणी खरी वाटली. त्यानंतर मी जे केलं त्याची आजही लाज वाटते. दोन तास मी तिची उलटतपासणी घेतली. दुपारी कुठं जातेस, कोणाला पुजतेस, काय केलंस ते खरं सांग. आईच्या वयाची बाई, आणि मी एकेरीवर आलो होतो.

संध्याकाळी मुकुंदवाडीहून एका मेकॅनिकचा फोन आला. त्याने यातले दोन टँकर दुरुस्त केले होते. “साहेब, बाईला सोडा, फिल्टर बगा.”

सकाळी त्याने ठाण्याच्या आवारात एका टँकरचा डिझेल फिल्टर खोलला. आत काळा चिखल. “हे बायोडिझेल. हाटेलातल्या जुन्या तेलापासून केलेलं, म्हनून धुराला भज्याचा वास. चालत्या गाडीचा मागं उडून जातो, चढाला थांबली की नाकात येतो. ते वाईट नाय साहेब. पन जुन्या टाकीतली सगळी घाण ते सोडवतं, नि ती फिल्टरमधी अडकती. सपाटीला गाडी चालती, चढाला डिझेल जास्त लागतं, तितं मरती. जरा थांबलं की थोडं डिझेल झिरपतं, पुन्ना चालू. आधी टाकी धुवावी, गाडीची कंपनी सांगती तेवढंच डिझेलमधी मिसळावं, सुरुवातीला फिल्टर लवकर बदलावा. इतं कोन करतंय?”

सगळे टँकर चढाच्या अलीकडे एकाच पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी डिझेल भरत होते. शेडच्या मालकाला ठाण्यात आणलं. “मी तर प्रदूषण कमी करतोय साहेब,” म्हणत तो तासभर बोलला. खोटं बोलणाऱ्याला बोलू द्यावं, तो आपणच दमतो. त्याच्याच मालाने भरलेला काचेचा ग्लास मी टेबलावर ठेवला होता. चहा संपेपर्यंत त्याच्या तळाशी पाणी साचलं, नीट न केलेल्या तेलाची ती खूण. ते पाहून तो थांबला.

“डिझेलमध्ये मिसळत नव्हतो साहेब. निव्वळ तेच देत होतो. डिझेल म्हणून.”

पुरवठा विभागाला बोलावून पंचनामा केला, नमुने घेतले, गुन्हा दाखल झाला. टाक्या धुतल्या, फिल्टर बदलले, टँकर सरळ चढून गेले. मेकॅनिकने गावाच्या पारावर तो फिल्टर दाखवला. लोकांनी माना डोलावल्या आणि ते पाणी भरायला पळाले.

बाईला सांगायला मी एकटाच गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं.

“मंग म्या काही केलं नाय ना, साहेब?”

“नाही म्हणून तर सांगतोय, मावशी.”

“वास मला बी यायचा. समदे म्हनायले, तुमी बी म्हनले. मला वाटलं, झोपेत माज्याच हातून काही व्हत असंल.”

संशयिताला गावापुढे निर्दोष ठरवलं की आपलं काम संपलं, असं मी नोकरीभर समजत आलो होतो. तिला स्वतःवरच संशय घ्यायला लावण्यात माझ्या त्या दोन तासांचाही वाटा होता, आणि त्याचं कलम कुठल्याच कायद्यात नाही.

“तसं लिहून द्या,” ती म्हणाली.

असा दाखला पोलिसांत नसतो. तरी मी ठाण्यात परतून कागदावर लिहिलं : ‘या बाईंनी काहीही केलेले नाही.’ सही केली, शिक्का मारला आणि तिच्या हातात नेऊन दिला. तिला वाचता येत नव्हतं. मी मोठ्याने वाचून दाखवलं.

“पुन्यांदा वाचा,” ती म्हणाली.