खांद्याखालचा कापूस

मर्गिलान शहरात होसियत आपांसारखी शिंपीण नव्हती, आणि त्यांच्याइतकी तापट बाईही नव्हती. तीस वर्षं पोरींची मापं घेतली त्यांनी. कुणाचा खांदा वर, कुणाची कंबर एका बाजूला गेलेली, हे डॉक्टरच्या आधी त्यांना कळायचं. आणि कळून काय करायच्या? खोलगट बाजूला कापूस भरायच्या! बघायला येणाऱ्या बायकांना दिसायला नको, म्हणून पोरींच्या आयाच तसं सांगायच्या. जळो मेलं ते कसब!

त्या दिवशी इनोबत आजी बारा वर्षांच्या नातीला, मोहिराला घेऊन आल्या. मागे त्यांची सून, मोहिराची आई झुलैखो, नेहमीसारखी गप्प. घरातल्या लग्नासाठी पोरीला अतलस रेशमाचा झगा हवा होता. खांदे वरखाली दिसले म्हणून आपांनी मोहिराला पुढे वाकायला लावलं. पाठीची उजवी बाजू फुगून वर आली.

"नीट बसतच नाही कार्टी," आजी म्हणाल्या. "दिवसभर ओरडते मी, ताठ बस, ताठ बस! तू भर जरा कापूस."

आपांच्या डोक्यात तिडीक गेली. "बसण्यानं नाही होत हे! पोरीला कशाला बोल लावता? कणाच वाकतोय तिचा. एक्स-रे काढा, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. अजून वाढतेय, तोवर पाठीला आधाराचा पट्टा बांधला तर वाकणं थांबायची आशा आहे. वाढ संपली की पट्टा काय कामाचा? फारच वाकलं तर ऑपरेशन!"

"पट्टा? म्हणजे गावभर बोभाटा! कोण करेल हिला सून?"

"बारा वर्षांची आहे हो ती! लाज कशी वाटत नाही?"

"तुला जमत नसेल तर दुसरी शिंपीण बघते." आजी उठल्या. मोहिरा रडायला लागली.

तेवढ्यात झुलैखोनं टेबलावरची कात्री उचलली, स्वतःच्या झग्याची खांद्याखालची शिवण उसवली आणि कापसाचा गोळा काढून सासूपुढे ठेवला.

"आई, ही बघा तुमची सून. जिना चढताना मला दम लागतो, तेव्हा आळशी म्हणता ना? आळस नाही तो, वाकलेल्या कण्यानं छाती दबते माझी."

आपांना वाटलं, चला, एकीला तरी कंठ फुटला! पण झुलैखो त्यांच्याकडे वळली.

"आणि आपा, मी तेराची असताना पहिला कापूस तुम्हीच भरलात. तेव्हा मीही वाढतच होते. माझ्या आईवर का नाही ओरडलात?"

झुलैखोनं लेकीचा हात धरला आणि ती तशीच, उसवलेल्या झग्यात, दवाखान्याकडे निघाली.